नोव्हा स्कोशियाहून काय आणलंस?

परत आल्यावर पहिल्याच रविवारी जाऊबाई आल्या आणि चहा टाकायच्या आत विचारलं, "मग, काय काय आणलंस तिकडून?" मी बॅग उघडून सगळं दिवाणावर मांडलं. मेपल सिरपच्या दोन बाटल्या, ब्लूबेरीचा जॅम, कथलाचा एक बोटभर मासा, मांजरांची चित्रं असलेली चार कार्डं, आणि वीतभर लांब-रुंद लोकरीचं एक आसन. त्यांनी बाकी कशालाही हात न लावता आसन उचललं, उलटं केलं आणि पाठीमागची बाजू बघितली. आमच्या घरात कुठलंही हातकाम आधी पाठीमागून बघायचं ही सासूबाईंनी लावलेली सवय आहे. मग म्हणाल्या, काम सुबक आहे हो, पण हे पायपुसणं केवढ्याला पडलं? मी किंमत सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

ती किंमत मी का दिली हे मला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही, चहा उतू गेला, पाहुणे आले, राहूनच गेलं. म्हणून आता लिहितेय. शिवाय आपल्याकडची बरीच मुलं हल्ली हॅलिफॅक्सला, म्हणजे नोव्हा स्कोशियाच्या राजधानीच्या शहरात, शिकायला जातात, मागोमाग आईवडील जाऊन येतात, आणि तिथून काय घेऊ, कुठून घेऊ हे मला आतापर्यंत चार जणींनी तरी विचारलंय.

आमची मुलगी तिथेच शिकली आणि आता तिथेच नोकरी करते. मी सप्टेंबर-ऑक्टोबर असे पाच आठवडे तिच्याकडे होते. नोव्हा स्कोशिया म्हणजे कॅनडाच्या पूर्वेला अटलांटिकमध्ये घुसलेला एक लांबट प्रांत, जमिनीला जोडलेला आहे तो एका चिंचोळ्या पट्टीने, आणि तिथे कुठेही उभे राहा, समुद्र ६७ किलोमीटरपेक्षा लांब नसतो. कोकणातल्यासारखा समुद्र नाही हं. थंड, करडा, ग्रॅनाइटच्या खडकांवर आपटणारा.

आधी पैशाचं सांगते, कारण पहिल्या दिवशी माझा तिथेच गोंधळ झाला. आपल्याला एमआरपीची सवय, पाकिटावर जे छापलंय त्याच्या वर दुकानदार एक रुपया मागू शकत नाही. तिथे पाटीवरची किंमत करावाचून असते आणि कर काउंटरवर लागतो. आधी १५ टक्के होता, २०२५च्या एप्रिलपासून १४ टक्के झालाय. दूध, भाजी, पीठ असल्या रोजच्या खाण्याला तो लागत नाही, बाकी जवळजवळ सगळ्याला लागतो, आणि परदेशी पाहुण्यांना विमानतळावर कर परत मिळायची सोय पूर्वी होती ती २००७ सालीच बंद झाली. त्यामुळे पन्नास डॉलरची वस्तू सत्तावन्नची धरायची आणि मगच हातात घ्यायची. रोख दिलेत तर एक सेंटचं नाणं आता नाहीच, हिशेब जवळच्या पाच सेंटला जातो. आणि सुट्टे घेताना दहा सेंटच्या छोट्या नाण्याकडे एकदा बघा, त्यावर शिडाचं जहाज आहे, ते इथलंच, ब्लूनोज, लुननबर्गच्या गोदीत १९२१ साली पाण्यात उतरवलेलं.

पहिला शनिवार-रविवार मी वाया घालवला असंच म्हणेन. एका दीपगृहाजवळच्या दुकानात गेलो, गर्दी होती, बस भरभरून लोक येत होते, आणि मी दीपगृहाचं चित्र असलेले चार मग घेतले, चार घरांसाठी. घरी येऊन धुवायला काढले तर तळाशी लिहिलेलं, दुसऱ्याच देशात बनवलेले. त्या दुकानाचं नाव मी लिहीत नाही, असली दुकानं जगात कुठल्याही पर्यटनाच्या जागी असतात, महाबळेश्वरलाही आहेत. पण मला खरंच वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन मी जी वस्तू घेतली तिला त्या समुद्राशी, त्या माणसांशी काहीच देणंघेणं नव्हतं. त्या रात्री ठरवलं की इथून पुढे वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय आणि "हे कुणी केलं?" असं विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही.

पुढच्या शनिवारी लेक मला बंदराजवळच्या बाजारात घेऊन गेली. हॅलिफॅक्स शहर वसलं १७४९ साली आणि हा शेतकरी बाजार सुरू झाला १७५०ला. जागा बदलत आली, बाजार मात्र अखंड चालू आहे, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात जुना म्हणतात. जवळच पिअर २१ नावाचा बोटींचा जुना धक्का आहे, १९२८ ते १९७१ या काळात जवळपास दहा लाख माणसं बोटीतून उतरून तिथूनच कॅनडात शिरली, आता तिथे संग्रहालय आहे. ते बघून मग बाजारात गेलं की बाजार वेगळाच दिसतो, कारण विकणारे त्याच मार्गाने आलेल्यांची नातवंडं-पतवंडं, आणि आता नव्याने येणारे विमानातून आलेले. मला तिथे समोसे विकणारी ताईसुद्धा भेटली.

याच शहराच्या बाजारात एडिथ क्लेटन नावाच्या बाई टोपल्या विकायच्या. १९२० ते १९८९ हा त्यांचा काळ. हॅलिफॅक्सजवळ प्रेस्टन नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे तिथल्या त्या, १८१२च्या युद्धानंतर गुलामगिरीतून सुटून अमेरिकेतून इथे आलेल्या कुटुंबांतल्या. मेपलच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या काढून विणायची कला त्यांच्या घरात आईकडून मुलीकडे चालत आलेली. तसंच मिकमाक लोकांचं, म्हणजे ही जमीन मुळात ज्यांची त्यांचं. त्यांच्या टोपल्या काळ्या ॲश झाडाच्या पट्ट्यांच्या असतात आणि भूर्जाच्या सालीवर साळिंदराचे काटे रंगवून बसवलेल्या डब्या असतात, त्यातलं एकेक नक्षीकाम बघत मी किती वेळ उभी होते! आता काळा ॲश प्रांतात इतका कमी उरलाय की तो सरकारी यादीत धोक्यात आलेलं झाड म्हणून आहे, त्यामुळे खरी टोपली महाग असणारच. ती घ्यायची तर मिकमाक वस्तीतल्या दुकानातून किंवा थेट करणाऱ्याकडून घ्या, ट्रुरोजवळ मिलब्रुकला त्यांचं सांस्कृतिक केंद्र हमरस्त्यालगतच आहे. मी घेतली नाही, तेवढे पैसे नव्हते, अजून डोळ्यासमोर आहे.

दक्षिण किनाऱ्यावर एक दिवस गेलो. लुननबर्ग १७५३ सालचं, लाल-पिवळ्या-निळ्या लाकडी घरांचं गाव, युनेस्कोच्या यादीत १९९५पासून, फोटो तर सगळ्यांनी बघितलेले असतात. मला खरेदीसाठी आवडलं ते त्याच्या अलीकडचं महोन बे. तिथे एका जुन्या होड्या बांधायच्या इमारतीत एमॉस प्यूटर म्हणून १९७४पासूनचं दुकान आहे आणि दुकानातच कारागीर काम करताना दिसतात. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं तांबं आणि अँटिमनी. कथील म्हटल्यावर मला एकदम आमच्या वाड्यातला कल्हईवाला आठवला, भाता, नवसागराचा धूर, आणि पातेलं फिरवत फिरवत आतून चांदीसारखं करणारा त्याचा हात. तोच धातू इथे साच्यात ओतून मासे, तारे, थेंब करतात. बोटभर मासा घेतला तो तिथला.

आणि चित्रं. हॅलिफॅक्सच्या कलादालनात एक अख्खं घर आणून ठेवलंय, आपल्या स्वयंपाकघराएवढंच, एका खोलीचं. मॉड लुईस यांचं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा जन्म, लहानपणापासून सांधे आखडलेले, हाताची बोटं वळलेली, नवरा मासे विकायचा, आणि या बाई डिग्बीजवळ रस्त्याकडेच्या त्या घरात बसून बैलजोड्या, मांजरं, बर्फातल्या घसरगाड्या रंगवायच्या आणि बाहेर "चित्रं विकणे आहे" अशी पाटी. येणारे-जाणारे गाडी थांबवून दोन-तीन डॉलरला, नंतर पाचला चित्र घेऊन जायचे. दार, जिना, चूल, पावाचा डबा, घरात एक जागा रंगवायची सोडलेली नाही. १९७०मध्ये त्या गेल्या. २०२२ साली त्यांचं एक चित्र लिलावात साडेतीन लाख डॉलरला गेलं, आणि ते चित्र मूळ मालकाला मिळालं होतं सँडविचच्या बदल्यात. मी त्या छोट्या दारासमोर उभी राहिले तेव्हा पाच डॉलर हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या गिऱ्हाइकांचा विचार करत होते. त्यांना बरंच स्वस्तात मिळालं, पण निदान ते थांबले तरी. कलादालनाच्या दुकानातून कार्डं घेतली, मांजरांची.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

लेकीला थंडीचा कोट हवा होता. मॉलमध्ये न जाता तिने मला गाडीत घातलं आणि फ्रेंचीजला नेलं. हे तिथल्या गावोगावच्या वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांचं नाव, १९७०च्या दशकात प्रांताच्या नैऋत्य टोकाला, डिग्बीच्या बाजूला, सुरू झालेली. आत हँगर फार नाहीत, मोठमोठ्या पेट्या, त्यात कपड्यांचे ढीग, आणि बायका कमरेत वाकून दोन्ही हातांनी उपसतायत. तिथे लोक मैत्रिणी जमवून दिवसभर एका गावाहून दुसऱ्या गावी हेच करत फिरतात, त्याला "फ्रेंचीइंग" असं क्रियापदच आहे. मला सुरुवातीला संकोच वाटला, दुसऱ्याचे उतरलेले कपडे. पण लेक म्हणाली, आई, इथे डॉक्टरीणबाईसुद्धा येतात. तिला छान कोट मिळाला. माझ्या शेजारच्या बाई मात्र कपड्याचं माप बघतच नव्हत्या, फक्त बोटांनी चाचपायच्या आणि लोकरीचं असेल तेवढंच घ्यायच्या, पुरुषी पँट, फाटका स्कर्ट, काहीही. मी विचारलं तर म्हणाल्या, रगसाठी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड आसनासाठी. घरी नेऊन धुणार, पट्ट्या कापणार, आणि गोणपाटावर आकड्याने एकेक फास वर ओढत रग करणार. त्यांची आजी असंच करायची, घरातल्या कपड्यांचं.

मला तिथल्या तिथे आमची आजी दिसली. साताऱ्याकडच्या गावी, दुपारी, पडवीत, पाय पसरून बसलेली. जुनं लुगडं वर, जुनं लुगडं खाली, मध्ये सगळ्यांचे जुने सदरे-झंपर-धोतरं अंथरून वाकळ शिवणारी, कडेकडेने धावदोरा घालत आत आत येणारी. आणि दारात बोहारीण आली की आमच्या आईचं आणि तिचं जुंपायचं, आईला जुन्या साड्या देऊन स्टीलचं पातेलं हवं असायचं आणि आजी म्हणायची, सुती आहेत त्या द्यायच्या नाहीत, वाकळंला लागतात.

तर नोव्हा स्कोशियातही अगदी हेच झालेलं आहे हे मला नंतर कळलं. जुन्या काळी गावोगाव फिरते विक्रेते यायचे आणि बायकांनी कोळशाने चित्र काढून गोणपाटावर केलेले रग उचलून न्यायचे, बदल्यात जमिनीवर टाकायला लिनोलियम द्यायचे. बायकांना लिनोलियम चकचकीत, नवं, पुसायला सोपं वाटायचं. रग तिकडे अमेरिकेतल्या शहरांत चांगल्या भावाने जायचे. हे वाचून मला त्या बायकांचा राग आला नाही, आईचं पातेलं आठवलं. ते पातेलं अजून आहे आमच्याकडे, आजीची वाकळ एकच उरलीय.

हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेटिकॅम्पला गेलो. हॅलिफॅक्सहून गाडीने पाचेक तास, कॅन्सोचा बांध ओलांडून केप ब्रेटन बेटावर, पश्चिम किनाऱ्याने वर वर. फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन लोकांचं कोळ्यांचं गाव, एक लांब रस्ता, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर, डोंगरावर पानं लाल झालेली. या लोकांना इंग्रजांनी १७५५पासून बोटीत घालून देशोधडीला लावलं होतं, त्यातले काही परत फिरून अठराव्या शतकाच्या शेवटी इथे येऊन राहिले. इथल्या बायका रग करायच्याच. १९२०च्या दशकात लिलियन बर्क नावाच्या अमेरिकन चित्रकर्ती आल्या, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांच्या कुटुंबाच्या परिचयाच्या, बेल यांचं घर जवळच बॅडेकला. बर्कबाईंनी चिंध्यांऐवजी मऊ रंगांची लोकर वापरायला शिकवलं, नक्षी दिली, आणि न्यूयॉर्कला गिऱ्हाईक मिळवून दिलं. मंदीच्या काळात त्या पैशावर घरं चालली. पण काही वर्षांनी बायकांना कळायला लागलं की आपल्याला काय मिळतं आणि तिकडे विकतात काय भावाने, तेव्हा काही जणी वेगळ्या झाल्या आणि आपला माल आपण विकायला लागल्या. पुढे १९६०च्या दशकात तिथे कारागिरांची सहकारी संस्था झाली, तिचं दुकान आजही आहे. या भागात सहकाराची मुळं खोल आहेत, अँटिगोनिशच्या विद्यापीठातून १९३०च्या आगेमागे मोझेस कोडी या धर्मगुरूंनी कोळी आणि शेतकऱ्यांत सहकाराची चळवळ उभी केली होती. दूधसंघ, साखर कारखाना बघत मोठी झालेली मी, मला ते दुकान परकं वाटलंच नाही.

गावातल्या संग्रहालयात एलिझाबेथ लफोर्ट यांची दालनं आहेत. १९१४ ते २००५. लोकरीने माणसांचे चेहरे करायच्या, इतके हुबेहूब की जवळ जाऊन फास मोजल्याशिवाय विश्वास बसत नाही, आणि त्यांची कामं व्हाइट हाउस, व्हॅटिकन, बकिंगहॅम पॅलेसपर्यंत गेलीयत. पण मला त्याहून जास्त बघावंसं वाटलं ते दुकानातल्या खिडकीशी चौकट मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईंना. सत्तरीच्या असतील. डावा हात गोणपाटाखाली लोकर धरून, उजव्या हातात आकडा, आणि टक, टक, टक, प्रत्येक भोकातून एक फास वर, सगळे एका उंचीचे. मी विचारलं, एवढ्याशाला किती वेळ लागतो? म्हणाल्या, बसून केलं तर एक-दोन दिवस, पण बसू कोण देतं! मग मी फोनमधला वाकळेचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला, टाक्यांच्या ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कडेपासून सुरू करते का तुझी आजी?" मी म्हटलं हो, कडेपासून आत. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी स्वतःच्या चौकटीतलं काम उलटं करून दाखवलं, पाठीमागची बाजू, न सांगता.

ते वीतभर आसन मी तिथेच घेतलं. समुद्र, एक होडी, मागे तपकिरी डोंगर. पंचाहत्तर डॉलर, कर धरून साडेपंच्याऐंशी, आपले पाच हजार तरी झाले. घासाघीस केली नाही. मंडईत मी कोथिंबिरीच्या जुडीसाठी करते, पण तो हात डोळ्यासमोर चाललेला बघितल्यावर तोंड उघडलं नाही माझं.

राहिलेलं पटकन सांगते. मेपल सिरप घ्यायचं तर विमानतळावर नको, बाजारातून किंवा कंबरलँडच्या बाजूच्या मळेवाल्याकडून, चाळीस लिटर रस आटवल्यावर एक लिटर होतं म्हणून भाव तसा, आणि गडद रंगाचं घ्या, चव जास्त, आमच्याकडे घावनाबरोबर संपलं. चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेतून काढून घेतात. ब्लूबेरी म्हणजे रानातली बारकी, ऑगस्टमधली, ऑक्सफर्ड गावाकडची, जॅम तिचाच. सफरचंदं अन्नापोलिस खोऱ्यात जाऊन स्वतः तोडा आणि तिथेच खा. टार्टनचा, म्हणजे स्कॉटिश पद्धतीच्या चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, मफलर घेणार असाल तर निळ्या-हिरव्या चौकड्यांचा प्रांताचा स्वतःचा टार्टन आहे, १९५३मध्ये बेसी मरे या विणकर बाईंनी काढलेला. केप ब्रेटनची दुकानं ऑक्टोबरअखेरीस बरीचशी बंद होतात, त्याआधी जा. आणि रविवारी सगळं उघडं असेलच असं धरू नका, या प्रांतात २००६पर्यंत रविवारी मोठी दुकानं बंदच असायची, २००४ला लोकांना मत विचारलं होतं तेव्हा त्यांनी बंदच ठेवा असं सांगितलं होतं. ११ नोव्हेंबरला तर अजूनही दुकानं बंद असतात, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस.

बॅगेत आणखी एक वस्तू होती जी जाऊबाईंना मी दाखवली नव्हती. त्याच बाईंच्या दुकानातून घेतलेला आकडा, लाकडी मुठीचा, आणि गोणपाटाचा एक तुकडा, त्यावर नुसती रेघांनी काढलेली होडी. परत आल्यापासून रोज दुपारी अर्धा तास बसते. माझ्या भरतकामाच्या रिंगणावर ते ताणून बसवलंय. पाणी झालं, होडी झाली. फास अजून एका उंचीचे येत नाहीत, सोडून परत घालते. डोंगराला तपकिरी लोकर हवी होती आणि आमच्या गल्लीत आता बोहारीण येत नाही. परवा खालच्या काकूंना सहज बोलले तर काल त्यांनी काकांचा जुना स्वेटर आणून दिला, त्यांनीच कधीतरी विणलेला, कोपरावर विरलेला, पण बाकी लोकर चांगली आहे. उद्या उसवायला घेणार आहे. जाऊबाई म्हणाल्यात, थांब, मी पण येते.